सत्कारासाठी पाडलेले खड्डे

निपाणीत हंगाम आला हे कॅलेंडर सांगत नाही, घसा सांगतो. संक्रांत मागं पडली की वाळलेला तंबाखू शेतातून वखारीत यायला लागतो आणि अख्खं गाव एका सुरात खोकायला लागतं. हायवेवरच्या बसमधली माणसं नाकाला रुमाल लावतात, "कसला हो हा वास?" विचारतात आणि पाच मिनिटांत कोल्हापूरच्या वाटेला लागतात. आम्ही इथंच असतो. चहात तो वास, दोरीवरच्या शर्टात तो वास, नव्या वहीच्या पानांत तो वास. परवा सकाळी दात घासता घासता मला लागोपाठ तीन शिंका आल्या आणि माझं डोकं फिरलं. गेल्या वर्षीचा हंगाम आठवला.

गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही सुजाताक्काचा सत्कार केला होता.

सुजाताक्का आमच्या गल्लीतली. विड्या वळणाऱ्या शेवंतामावशीची थोरली मुलगी. मावशी उंबऱ्यात बसायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्यालाच झोप यावी. तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर आक्का बॉल मारत असायची. धप, धप, धप. सुपातला तंबाखू त्या हादऱ्यानं थरथरायचा. "भिंत पाडशील गं बाय!" मावशी ओरडायची, पण थांब म्हणायची नाही. मी तेव्हा चड्डीत होतो आणि माझ्या लेखी तो आवाज म्हणजे संध्याकाळ झाल्याची खूण होती.

आक्का सहा फुटांच्या वर गेली तशी गल्लीची जीभ सुटली. कोपऱ्यावरचा न्हावी विचारायचा, "काय गं, वर हवा कशी हाय?" आक्का न थांबता सांगायची, "हवा बरी हाय मामा, पर तुमच्या टकलावर ऊन लई हाय. टोपी घाला."

ही मुलगी पुढं अकरा वर्षं बास्केटबॉल खेळली. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. आधी राज्याचं क्रीडा वसतिगृह, मग एका मोठ्या सरकारी खात्याचा संघ. दोनदा देशाच्या शिबिरात. दिवाळीला यायची तेव्हा अंगात ट्रॅकसूट असायचा, पाठीवर राज्याचं नाव, आणि आम्ही पोरं त्या नावाला हात लावून बघायचो. नोकरी करारावरची होती. दर वर्षी नवा कागद. ज्या वर्षी तिचा गुडघा गेला त्या वर्षी तो कागद आलाच नाही. तुला काढलं असं तिच्या तोंडावर कुणीसुद्धा म्हटलं नाही. काढताना निदान बोलावं लागतं, डोळ्याला डोळा द्यावा लागतो. इथं तेवढीही तसदी नाही. तिनं तीन आठवडे पोस्टमनची वाट बघितली, मग बॅग उचलली आणि निपाणीची बस धरली. तेव्हा ती तिशीतसुद्धा नव्हती. ज्या वयात कारकून जरा स्थिरावतो त्या वयात हिची निवृत्ती. फंड नाही, पेन्शन नाही, निरोपाचा चहासुद्धा नाही.

आता ती बाजारात भांड्यांच्या दुकानात कामाला आहे. दुकानाचे मालक आप्पा स्वभावानं वाईट नाहीत, पण गिऱ्हाईक आलं की हमखास सांगतात, "आक्का आल्यापास्नं शिडी मोडीत घातली बघा!" गिऱ्हाईक हसतं. आक्का वरच्या फळीवरचा कुकर एका हातानं उतरवते, झाकण फिरवून दाखवते. हाच हात. याच हातानं तिनं भरलेल्या स्टेडियममध्ये समोरच्या संघातल्या सगळ्यात उंच सेंटरच्या डोक्यावरून बॉल काढलेत. देशानं तयार केलेली एक बाई आणि देशाला तिचा उपयोग काय, तर वरच्या फळीवरचा कुकर! यात मला विनोद दिसत नाही. ज्यांना दिसतो त्यांच्याशी मला बोलायचं नाही.

पण आक्काचा खरा दिवस दुकान उघडायच्या आधी संपलेला असतो. सकाळी सहाला ती शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर असते. गावातलं ते एकमेव कोर्ट. तिथं नऊ मुली येतात. कुणाची आई वखारीत, कुणाची विड्यांवर, एकीचे वडील ऊसतोडीच्या टोळीत. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी बेळगावात क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती. जी मुलगी निवडली जाईल तिला राहणं, जेवण, शाळा आणि शिकवणारा कोच. आक्का त्याच वाटेनं गेली होती, आणि वाट कुठं संपते हे ठाऊक असूनही तिला या नवातल्या निदान दोघी तरी त्या वाटेला लावायच्या होत्या. मी एकदा विचारलं, "एवढं होऊनबी पाठवायचं त्यास्नी?" ती म्हणाली, "शेवट वाईट झाला रं. पर ती अकरा वर्षं माझी हायत. ह्यास्नी तेवढीबी नकोत व्हय?" चौघींचं वय काठावर होतं. पुढच्या वर्षी त्या अटीबाहेर जाणार होत्या.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या युवक मंडळाला तिचा सत्कार सुचला.

मी या मंडळाचा पत्रकवाला. बारावीपासून पत्रकं लिहितो. मराठी पाट्यांसाठी पत्रक, बससाठी पत्रक, मराठी शाळेत मास्तर नाही म्हणून पत्रक. त्यातल्या एकाचीही मला लाज नाही. जिथं आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात तिथं आमच्या भाषेत कागद मिळावा हे मागणं मी आजही मागतो, उद्याही मागेन. पण पत्रकाची एक खोड असते. ते लिहून लिहून हात असा बसतो की समोर कुठलंही दुःख आलं तरी त्याला एकच मथळा सुचतो. मला सुचला: 'सीमाभागाच्या वाघिणीवर अन्याय! मराठी असल्यामुळेच डावलले!'

बॅनर बेळगावात खडेबाजारात छापायला दिला. फोटो आक्काचा सगळ्यात देखणा होता, हवेत उडी, हात रिंगच्या वर, आणि बनियनवर छातीभर राज्याचं नाव. मंडळाच्या अध्यक्षांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी फोटो बघितला आणि तोंड कडू केलं. "ज्या राज्याशी आपण भांडतोय त्याचंच नाव आपल्या बॅनरवर? लोक जोड्यानं मारतील." मी कॉम्प्युटरवाल्याला म्हणालो, "त्यावर काहीतरी टाका." तो म्हणाला, "झेंडू टाकू?" मी म्हणालो, "टाका."

मी टाका म्हणालो. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

आक्कानं बॅनर चौकात बघितला. हातात दुकानाची पिशवी, मागं मी. मान वर करून सगळा वाचला. मग म्हणाली, "ही छातीवर फुलं उगवल्याली बाई कोण रं?"

"आक्का, ते नाव..."

"त्या नावाचं बनियन मिळवायला मी सात वर्षं पळालो. नखं गेली पायाची. आन्‌ तू त्यावर फूल ठेवलंस? मेल्याच्या अंगावर ठेवत्यात तसं?"

मग तिनं माझ्या हातातलं पत्रक घेतलं, वाचलं आणि परत दिलं. "मराठी म्हणून काढलं असं तुला कुणी सांगितलं?"

"मग कशापायी काढलं?"

"गुडघ्यापायी. त्याच साली गदगची महादेवीबी घरी गेली. माझ्या खोलीतली. तिची पाठ गेलती. कागद तिलाबी आला न्हाय. ती तर कन्नडच हाय की. सहा वर्षं माझ्या ताटात तिची भाकरी असायची. तिच्यासाठी कोण छापतंय पत्रक?"

मी म्हणालो, "आक्का, आता छापून झालंय."

याहून फालतू वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं असेल असं मला वाटत नाही.

सत्काराच्या आदल्या दुपारी, आक्का दुकानात असताना, मंडपवाल्यांचा ट्रक शाळेमागं आला. जागा तीच ठरली होती. सोयीची, सपाट, सिमेंटची, खुर्च्या डुगडुगत नाहीत. स्टेजला आडवा येतो म्हणून एका बाजूचा रिंगचा खांब मुळासकट उपटला आणि मुतारीच्या मागं टाकला. दुसऱ्या रिंगखाली मंडपाचे बांबू रोवायचे होते. पहार आणि घण घेऊन चौघे जण संध्याकाळपर्यंत सिमेंट फोडत होते. तो आवाज मला अजून कानात आहे, कारण मी तिथंच होतो, हारांची यादी करत. अठ्ठावीस खड्डे. बास्केटबॉल खेळणाऱ्या बाईचा सन्मान करायला आम्ही बास्केटबॉलचं कोर्ट फोडत होतो आणि तिथल्या वीस-पंचवीस शहाण्यांपैकी एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. आमच्याकडं मंडप असाच घालतात. लग्न असो, जयंती असो, हळदीकुंकू असो, जमीन दिसली की पहार. खाली काय आहे ते कोण बघतो?

सत्कार जोरात झाला. पाहुणे दोन तास उशिरा आले. एकानं आक्काला धावपटू केलं, दुसऱ्यानं कबड्डीपटू. तिसरे सीमाप्रश्नावर बोलता बोलता इतके रंगले की तिचं नाव घ्यायचंच विसरले. फेटा तिच्या डोक्याला बसेना, बांधणाऱ्याचा हात पोचेना, मग तिला खुर्चीवर बसवून बांधला. लोक हसले. ती स्टेजवर जिथं उभी होती तिथं आदल्या दिवसापर्यंत रिंग होती. तिची मान खाली. लोकांना वाटलं लाजली. ती खड्डे मोजत होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

माईक हातात आल्यावर ती एवढंच बोलली, "कोर्ट मोडलं की वो तुम्ही."

टाळ्या पडल्या! खरंच पडल्या. कर्णा घरघरत होता, कुणाला काय कळलं देव जाणे, पण सत्कारमूर्ती बोलली की टाळी वाजवायची ही इथली रीत आहे. अण्णांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

त्यानंतरचा महिना मला दिवसानं दिवस आठवतो. चाचणीला पाच आठवडे होते. शाळा म्हणाली, कोर्ट आमचं नाही, फक्त आमच्या मागं आहे. मंडपवाला म्हणाला, "आम्ही खड्डा पाडतो, बुजवत न्हाय. आजवर कुणी मागितलंच न्हाय." अण्णा म्हणाले, "बघू, मीटिंग लावू." मग मी कचेरीत अर्ज घेऊन गेलो. अर्ज मराठीत. खिडकीतल्या बाबूनं तो वाचलाही नाही, बोटानं परत सरकवला. "कन्नडदल्ली बरीरी." कन्नडमध्ये लिहा. माझं रक्त तापलं. तापायलाच हवं होतं. मी तिथंच ठिय्या मारला. दुसऱ्या दिवशी मंडळाची दहा पोरं आणली, तिसऱ्या दिवशी घोषणा दिल्या, निवेदन दिलं, निवेदन का घेतलं नाही म्हणून दुसरं निवेदन दिलं. पेपरात बातमी आली. बातमीत भाषा होती, मी होतो, अण्णांचा फोटो होता. खड्डे नव्हते.

पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी आक्कानं दुपारच्या सुट्टीत माझ्या वहीचं पान फाडलं आणि भांड्यांच्या खोक्यावर ठेवून अस्खलित कन्नडमध्ये अर्ज लिहिला. चहा यायच्या आत लिहून झाला.

"तू हे पहिल्या दिवशी का न्हाय दिलंस?" मी चिडून विचारलं.

"तू विचारलंस कवा? तू भांडत हुतास."

"मग मी भांडायचं न्हाय?"

"भांड की! माझी ना न्हाय. पर पोरींच्या डोक्यावर उभं ऱ्हाऊन भांडू नगंस."

मी तो कागद घेऊन कचेरीत गेलो. बाबूनं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि आत टाकला. तो अजून आतच आहे. म्हणजे त्याला मराठीचं वावडं होतं असंही नाही. त्याला खड्ड्यांचंच काही पडलेलं नव्हतं. आमच्या हातातला कागद कुठल्याही लिपीत असो, तो बोटानं सरकवायला ही माणसं शिकलेली आहेत.

कोर्टवर एक रिंग उरली होती, पण तिच्याखाली पाय मोडावा असे खड्डे. तोवर आक्कानं नऊ मुलींना घेऊन शेवंतामावशीच्या ओळखीनं एका वखारीचं अंगण मिळवलं होतं. पहाटे, बायका कामावर यायच्या आधी. सिमेंट बरं होतं, पण रिंग नाही, बोर्ड नाही. नुसतं ड्रिबल आणि पास. बॉल आपटला की जमिनीतून तंबाखूचा खकाणा उठायचा आणि नऊच्या नऊ मुली ठसकायच्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण हात चालू. आक्का ओरडायची, "खोकतानासुदीक बॉलवर डोळा!" कामाला आलेल्या बायका डोक्याला फडकी बांधत दारात थांबायच्या. एक म्हणाली, "सुजे, ह्यास्नी आमच्यात ढकलायची तयारी चाललीय व्हय गं?" बायका हसल्या. आक्का हसली नाही. भिंतीवर खडूनं तिनं एक गोल काढला होता, दहा फुटांवर. त्यात मुली बॉल मारायच्या. पण भिंतीवरचा गोल बॉल गिळत नाही. बॉल आत गेला की बाहेर गेला, हे भिंत सांगत नाही.

चाचणीच्या दिवशी बेळगावच्या मैदानावर मी बाकावर बसलो होतो. आमच्या मुलींनी ड्रिबल असं केलं की निवडणारे दोघे लिहायचे थांबून बघायला लागले. पास असे, की दोरीनं बांधलेले. मग शूटिंग आलं. एकेकीला दहा संधी. बॉल रिंगच्या पुढं पडत होता, मागं पडत होता, लोखंडावर आपटून ठण्‌ करून परत येत होता. खरी रिंग त्यांनी पाच आठवड्यांत बघितली नव्हती. पहिली मुलगी बाद, दुसरी बाद. मी मोजायचं सोडून दिलं. नवातली एकही निवडली गेली नाही. निवडणारे गृहस्थ आक्काला ओळखत होते. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, बेसिक छान आहे. पण शूटिंगची प्रॅक्टिस दिली नाही का तुम्ही?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये कुणी रडलं नाही. संकेश्वर गेल्यावर रेश्मा, काठावरच्या चौघींतली एक, खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आक्का, आता माझं वय संपलं न्हवं?" चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनं हे वाक्य म्हणावं! ती आता घरी विड्या वळते. बोटं लांब आहेत, हात भराभर चालतो, घरचे खूश आहेत. मी तिच्या दारावरून जाताना मान खाली घालतो. मला राग येतो, आणि तो राग कचेरीपासून सुरू होऊन मंडपातून फिरून शेवटी माझ्याच शर्टाची कॉलर धरतो. पण म्हणून मी तो गिळणार नाही. रागाचा पत्ता चुकला होता. राग चुकीचा नव्हता.

यंदा पाच जुन्या आणि चार नव्या, अशा पुन्हा नऊ आहेत. पावसाळ्यानंतर गल्लीतल्या वेल्डिंगवाल्यानं खांब उभा करून दिला. जानेवारीत आम्ही खड्डे बुजवायला घेतले. आक्का, मुली आणि मी. सिमेंट कालवायला आम्हाला कुठं येतंय? पहिले सहा खड्डे फुगले, बॉल तिथं आपटला की पळून जायचा. ते पुन्हा फोडले, पुन्हा भरले. वर ओलं गोणपाट टाकायचं, सात दिवस पाणी मारायचं. मुली शाळेला जाताना घागर ओतून जायच्या, येताना ओतायच्या.

आणि गेल्या मंगळवारी ट्रक आला.

अण्णांनी यंदा पुन्हा सत्कार ठरवला होता. मला न विचारता, कारण यंदा पत्रक लिहायला मी नाही म्हणालो होतो. आक्काला तर दोन्ही वर्षी कुणीच विचारलं नव्हतं. ती दुकानातून तशीच आली आणि फाटकात उभी राहिली. मंडपवाला खाली उतरला, अजिजीनं म्हणाला, "आक्का, सरा की. तुमचाच सत्कार हाय."

"म्हणून तर मी सांगतोय. हितं पहार लागायची न्हाय."

त्यानं अण्णांना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर धरला. अण्णा म्हणाले, "अहो सुजाताताई, तुमच्या मानाचा प्रश्न आहे. कोर्टाचं काय, होईल पुन्हा!"

आक्का फोनकडं बघून बोलली, शांतपणे, जणू अण्णा समोर आहेत. "अण्णा, सेमीफायनलला माझा गुडघा सुजलाता. आमचे साहेब सुई घिऊन आले. म्हणाले, आज खेळ, गुडघ्याचं काय, होईल पुन्हा. मी खेळलो. जितलोबी. साहेबास्नी बढती मिळाली." फोनच्या आणखी जवळ वाकली. "ज्याचं मोडत न्हाय त्याला लई सोपं असतंय वो म्हणायला."

मंडपवाल्यानं, पन्नाशीच्या माणसानं, फोन खिशात टाकला आणि ओल्या गोणपाटांकडं बघितलं. मग आपल्या माणसांना म्हणाला, "गाडी मागं घ्या."

सत्कार झालाच म्हणा. एका कार्यालयाच्या हॉलमध्ये, आक्काशिवाय. रिकाम्या खुर्चीवर तिचा फोटो ठेवला आणि खुर्चीलाच शाल पांघरली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'सत्कार उत्साहात संपन्न'. मी हे बनवून सांगत नाही. इतकं बनवण्याची माझी ऐपत नाही.

काल अण्णा स्वतः दुकानात आले. चिडलेले नव्हते, ओशाळलेले होते, हे मी मान्य करतो. म्हणाले, "ती शाल तुमच्याकडं पोचवायची राहिलीय. कवा येऊ?"

आक्का वरच्या फळीवरून पातेली काढत होती. मागं न बघता म्हणाली, "सकाळी सहाला या कोर्टवर. चाचणी तोंडावर आली. पोरी शूट मारत्यात, पडलेला बॉल आणून द्यायला माणसं कमी पडत्यात. शाल नगं. हात घिऊन या."

आज सकाळी अण्णा आले नाहीत. मंडळातलंही कुणी आलं नाही. मी गेलो. दीड तास बॉल आणून दिले. पाठ धरलीय.